धोंड्याचं मागणं

जावयानं सासुरवाडीला आल्यावर कसं वागावं याची काही रीत आहे की नाही? पाय धुवावेत, पाटावर बसावं, नको नको म्हणत दोन घास जास्त खावेत आणि सासू हातावर ठेवील ते मुकाट घ्यावं. एवढंच तर काम. पोळ्याच्या दिवशी बैलालासुद्धा गुमान उभं राहायचं कळतं. माझ्या जावयाला ते कळत नव्हतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. अधिक महिना आला होता, तोही ज्येष्ठात, म्हणजे ऐन मे महिन्याचं ऊन. धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो. लेक-जावयाला बोलवायचं, जावयाला नारायण समजून ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. मी अंधार असताना उठून चुलीपुढं बसले होते. एकही अनारसा तुपात हसून फुटला नाही. चांदीचा दिवा घासून लख्ख केला, पाट मांडला, भोवती रांगोळी घातली. आणि पाटावर येऊन बसलं कोण, तर मांजर.

"नारायणाच्या जागी मांजर बसलंय, बघा," माझी धाकटी जाऊ भागा कुडावरून म्हणाली. आमच्या दोन अंगणांमध्ये एक कूड आहे. भागाचं तोंड कायम त्यावर वाळत घातलेलं असतं. "जावईबापू कुठं म्हणायचं?"

"येत्यात."

"वर उतारावर झोडपाझोडपी चाललीय म्हणं. आमचा जालू बघून आला. शहरातनं टोप्या घालून माणसं आल्यात आन् समदी मिळून हिरव्या डहाळ्यांनी भुईला मारत्यात. भूत उतरवत्यात का काय वो?"

"उतरवत्यात. आनखी कुणाचं उतरवायचं ऱ्हायलंय, ते इचारून सांगते तुला."

भागा कुडाखाली गेली. मी गोठ्यात गेले. सासूनं जावयाला टाकून बोलू नये अशी रीत आहे आणि मी रीत मोडणारी बाई नव्हे. म्हणून जावयाला जे बोलायचं ते मी म्हशीला बोलायची. तीन वर्षांत माझ्या म्हशीनं इतकं ऐकून घेतलं की दुसरी एखादी आटली असती.

तीन वर्षं म्हणजे मागच्या धोंड्यापासून. वैजूच्या, माझ्या लेकीच्या, लग्नानंतरचा तो पहिला धोंडा. जेवणं झाल्यावर मी रीतीप्रमाणं विचारलं, "पाव्हणं, काय पायजे ते मागा." यावर जावयानं 'तुमचा आशीर्वाद द्या' म्हणायचं असतं आणि सासूनं अंगठी घालायची असते. अंगठी मी करून आणलेलीसुद्धा होती. पण आमचे पोपटराव! नाव पोपट, पण तोंडातून शब्द फुटायची मारामार. साताऱ्याच्या एका कॉलेजात झाडांचे मास्तर. ते खाली मान घालून म्हणाले, "अंगठी नको. बोडका द्या."

बोडका म्हणजे आमच्या वाडीच्या डोक्यावरचा आमच्या मालकीचा उतार. जसं नाव तसंच रूप. खडक, घाणेरीची जाळी आणि वणव्यानं काळे पडलेले धोंडे. तिथं चरायला गेलेली शेळी उपाशी परत यायची. मला वाटलं, चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. माझा मुलगा पलटणीत. तो फोनवर हसून म्हणाला, "आई, दगडच मागतोय ना, दिऊन टाक." शब्द दिलेला होता, दिला उतार. पण गावाच्या तोंडाला काय बांधणार? 'जमीन मागणारा जावई' म्हणून ओरड झाली. "आज उतार मागितला, उद्या चूल मागंल," असं भागा नळावर बोलली. पोरांनी तर त्यांचं नावच बोडकेश्वर पाडलं. ते त्यांच्या कानावर गेलं तरी पोपटराव हसायचे. मला त्या हसण्याचाच जास्त राग. माणसाला थोडा तरी अपमान लागावा!

मग सुरू झाली शिबिरं. महिना-दोन महिन्यांनी टोपीवाल्यांची एक टोळी यायची. कुणी बँकेतून निवृत्त झालेले साहेब, कुणी डॉक्टरीणबाई, कुणी कॉलेजची पोरं. घाणेरी मुळासकट कशी उपटायची, खैराचं, धावड्याचं, मेडशिंगीचं बी कधी गोळा करायचं, रोप खडकाच्या कुठल्या अंगाला लावायचं, हे सगळं म्हणे पुस्तकात वाचायचं नसतं, हातानं करून शिकायचं असतं. करा बापडे. पण त्या सगळ्यांच्या पुढं पहार घेऊन कोण, तर माझी वैजू. मास्तराला लेक दिली ती सावलीत बसावी म्हणून. यांनी तिला उन्हात उभी केली आणि आपण मागं पाण्याची कळशी घेऊन फिरतायत. तिच्या तळहाताला गवंड्यासारखे घट्टे पडले होते. हे माझं खरं दुखणं. उताराचं काय, तो दगडच होता.

त्या दिवशी पुरण निवायला लागलं तशी मी उठले. ओवाळायच्या दिव्यासाठी काढलेली काडेपेटी कनवटीला खोचली तशीच राहिली. काळू कुत्रा मागं लागला. तीन वर्षांत मी बोडक्यावर पाय ठेवला नव्हता, पण म्हटलं, आज नारायणाला कानाला धरून आणते.

वर जायला गुरांची वाट आहे. वाटेच्या मावळतीला माझं गवताचं रान आणि त्यात माझ्या वैरणीच्या गंज्या. पाऊस पडेपर्यंत म्हशींचा जीव त्या गंज्यांत. वाटेच्या दुसऱ्या अंगाला बोडका. उपटलेली घाणेरी टाकून काय द्यायची म्हणून या मंडळींनी ती वाळवून बोडक्याच्या कडेनं कंबरभर कुंपण रचलं होतं. शेळीनं तोंड घालायची सोय नाही. त्यांच्या सगळ्या उद्योगांत मला तेवढं एक पटलेलं होतं.

कुंपणाच्या फटीतून आत शिरले आणि आधी आवाज कानावर आला.

"डहाळी आपटायची नाही! आपटली की ठिणग्या उडतात. दाबायची, घासायची, परत दाबायची! काका, तुम्ही आग विझवताय का देवावर चवरी ढाळताय? शेजारी बघू नका, आपल्या पुढ्यात बघा!"

मला वाटलं, कुणीतरी माझी नक्कल करतंय. बघते तर वैजू. धोंड्यावर उभी, पदर खोचलेला. समोर टोपीवाल्यांची रांग, हातात निरगुडीच्या ओल्या डहाळ्या. जरा गवत पेटवलेलं, ते विझवायचं शिकत होते. आणि ते बँकेचे साहेब, ज्यांनी जन्मभर लोकांना दारात ताटकळत ठेवलं असेल, ते मुकाट्यानं डहाळी घासत होते. लग्नाआधी या पोरीचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. माझ्या घरात आवाज एकच, आणि तो माझा.

पोपटराव कळशी घेऊन धावत आले. "आई, एवढ्या उन्हात कशाला आलात? पाणी घ्या."

मी काळूकडं बघितलं. "काळू, लोकांच्या घरात पुरण निवतंय. आन् लोक बायकोला धोंड्यावर चढवून आपण पाणक्या झाल्यात. लाज म्हणून काय असतीया का न्हाई?"

पोपटराव खाली वाकले आणि काळूला म्हणाले, "काळू, आईंना सांग, एवढं झालं की लगेच निघतो."

हसू आलं होतं मला, पण मी दाबलं. आणि तेवढ्यात काळूनं नाक वर केलं.

माझ्या रानापल्याडच्या खिंडीच्या वर धूर होता. पलीकडच्या अंगाला कुणीतरी माळ पेटवला होता. जाळलं की पावसात गवत जोमानं येतं, असं म्हणून दरसाल कुणीतरी पेटवतंच. त्या दिवशी वारा मावळतीचा आणि तोही पिसाळलेला. बघता बघता खिंडीतून लाल जीभ अलीकडं आली आणि माझ्या रानाच्या पल्याडच्या टोकाला लागली.

वाडीतून बापये धावत वर आले, पुढं भागाचा जालू, खांद्यावर ओली पोती. "काकी, गंज्या! गंज्या वाचवू!" ते तसेच माझ्या रानात घुसायला लागले.

वैजू मात्र आगीकडं बघतच नव्हती. ती कुंपणाकडं बघत होती.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "कुंपण."

पोपटरावांनी कळशी खाली ठेवली. "घाणेरी," ते म्हणाले. "कडकडीत वाळलेली. वैजू, आपण आपल्याच हातानं झाडांभोवती सरण रचलं."

टोपीवाले एकमेकांकडं बघायला लागले. शेरडांचा विचार सगळ्यांनी केला होता, आगीचा कुणीच नाही.

"उपसायला वेळ न्हाई," वैजू म्हणाली. "वाटेवर उभं ऱ्हायचं आन् वाटेपलीकडचं गवत आपणच पेटवायचं. वणवा येईस्तोवर तिथं काळं रान झालं पायजे. ठिणगी वाट ओलांडून कुंपणावर येऊ द्यायची न्हाई. पर माणसं कमी पडत्यात. जालूदादाची माणसं हिकडं पायजेत."

"नाही," पोपटराव म्हणाले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "ते गवत आईंचं आहे. गंज्या त्यातच आहेत. आपण पेटवलं तर त्या पहिल्या जातील. सगळे गंज्यांकडं चला. झाडं पुन्हा लावता येतील."

"पुन्हा?" वैजू गर्रकन वळली. "कुणाच्या तोंडून मागू पुन्हा?"

"वैजू, आत्ता नको."

"आत्ताच." ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "आई, ह्यांनी तुझ्याकडं काय बी मागितलं न्हाई. बोडका मी मागितला. शेरडं घिऊन हितंच वाढले मी. हितं सावली व्हावी असं कवापास्नं मनात हुतं. पर लेकीनं माहेरची जमीन मागायची नसती, तूच सांगायचीस. जावयाला धोंड्याला मागता येतं. म्हणून ह्यांना मागायला लावलं. गावाच्या शिव्या ह्यांनी खाल्ल्या. तुझ्या म्हशीला दिलेल्या बी ह्यांनीच खाल्ल्या. आन् मला बोलू दिलं न्हाई."

पोपटराव पायाखालचा दगड बघत होते, चोरी पकडल्यासारखे.

तडतड कानावर येत होती. त्या आवाजात माणसानं काय विचार करायचा? मी केला नाही. कनवटीची काडेपेटी काढली.

"जालू! सोड गंज्या. हिकडं ये!"

"काकी, येड लागलं का? म्हशी काय खातील?"

"म्हशी माझ्या हायत, मी बघीन. माणसं घिऊन वाटंवर ये. वैजू सांगंल तसं करायचं. तिचा शब्द त्यो माझा शब्द. ज्याला पटत न्हाई त्यानं माझ्या दारात पाय ठिवू नये."

"आई, गवत तुमचं..." पोपटराव पुढं आले.

"काळू," मी म्हटलं, "मधी मधी येऊ नकोस. भाजशील."

आणि माझ्या रानाला मी माझ्या हातानं काडी लावली.

पुढचं काय सांगावं? गवत भस्सदिशी पेटलं आणि धुरानं डोळे गेले. वाटेवर रांग लागली, एक टोपीवाला, एक वाडीवाला, परत एक टोपीवाला. जालूनं पोतं डोक्यावर उचललं तशी वैजू कडाडली, "जालूदादा, आपटू नगं! दाब! त्या काकांकडं बघ कसं दाबत्यात!" आणि आमचा जालू, जो स्वतःच्या बापाचं ऐकत नाही, तो बँकेच्या साहेबांकडं बघून पोतं दाबायला लागला. पोपटराव रांगेच्या मागून कळशी घेऊन पळत होते. डहाळी सुकली की ती विझवायच्या ऐवजी स्वतःच पेटते, म्हणून प्रत्येकाची डहाळी भिजवत होते. तीन वर्षं मी ज्याला पाणक्या म्हणत होते तो एक क्षण थांबला असता तर रांग मोडली असती.

मीसुद्धा कासोटा आवळून उभी राहिले. शेजारी कुणीतरी खोकलं. बघते तर भागा, हातात निरगुडीची हीऽ एवढी फांदी.

"सरका जाऊबाई, तुमाला दाबता येत न्हाई," ती म्हणाली.

"तुझं तोंड दाब आधी," मी म्हटलं आणि तिला जागा केली.

वाऱ्याची एक झुळूक आली आणि जळतं गवत आमच्या डोक्यावरून उडून कुंपणात पडलं. चरचर आवाज झाला. घाणेरीनं पेट घेतला. कळशी रिकामी होती. पोपटरावांनी ती फेकून दिली आणि तसेच दोन्ही हातांनी ते जळतं जाळं ओढलं. काटे, आग, कशाचाच विचार नाही. ओढलं, वाटेवर आणून आदळलं, त्यावर नाचले. कुंपणात दार पडल्यासारखी जागा झाली आणि आग तिथंच थांबली. वैजू "अहोऽ" म्हणून ओरडली. ते वळले तर मिशी डाव्या बाजूनं जळून गेलेली.

"काही नाही," ते म्हणाले, "तू पुढं बघ."

मग वणवा आला. पण त्याच्या वाटेत आता काळं रान पसरलं होतं. आमची आग हळूहळू मावळतीकडं सरकत गेली होती, ती त्याला समोरासमोर भिडली. दोन्ही आगी मिळून ताडासारख्या उठल्या आणि खायला काही उरलं नाही म्हणून खाली बसल्या. एकदम गप्प झालं. इतकं, की लोकांचं धापा टाकणं ऐकू येत होतं.

गंज्या गेल्या. त्या जळताना मी तिकडं पाठ केली. तोंड बोडक्याकडं केलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तो नीट बघितला. गुडघ्याएवढी, कमरेएवढी रोपं, धुरानं माखलेली, पण उभी. एका भोकराला तर फळं धरली होती. माझ्या आईच्या हातचं भोकराचं लोणचं जिभेवर आलं. एवढ्या धुरातसुद्धा.

"झाडं ऱ्हायली का?" वैजूनं विचारलं. तिचा आवाज पार बसला होता.

"समदी," मी म्हटलं.

तेव्हा बँकेचे साहेब डहाळी डोक्यावर धरून नाचायला लागले. डॉक्टरीणबाईंनी भागाला मिठी मारली. भागाला आयुष्यात कुणी मिठी मारली नव्हती, ती अंग चोरून उभी. आणि जालूनं पोतं हवेत उडवून आरोळी ठोकली, "बोडकेश्वराच्या नावानंऽ"

"चांगभलंऽ!" अख्खी वाडी ओरडली.

वैरणीचं काय झालं ते इथंच सांगून टाकते, नाहीतर विचाराल. दुसऱ्या दिवसापासून घराघरातून एकेक भारा माझ्या गोठ्यात येऊन पडला. पहिला भारा भागाचा. आणि सगळ्यांत लहानही तिचाच. म्हशी तगल्या.

तर आम्ही सगळे काळे ठिक्कर होऊन अंगणात उतरलो. सगळ्यांनाच जेवायला बसवलं. पुरण पुरेना तेव्हा भागानं कुडावरून आपल्या पुरणाची परात दिली, आणि चव घेऊन बघते, मिठाचा कण नाही. ते मी बोलून दाखवलं, म्हणजे तिलाही बरं वाटलं. मांजराला पाटावरून उठवलं. शेजारी दुसरा पाट मांडला. पोपटराव आणि वैजू बसले. हातांना कोरफड लावलेली, मिशी अर्धी. मी ओवाळलं, अनारशांचं तबक पुढं ठेवलं. आता सासू विचारणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोपटरावांनी मान खाली घातली.

मी त्यांना विचारलंच नाही.

"वैजू," मी म्हटलं, "तुला काय पायजे? नवऱ्याच्या तोंडून नगं. तुझ्या तोंडानं माग."

वैजूनं माझ्याकडं बघितलं. मग बसक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वाटंपलीकडचं रान. आज जळालं ते."

भागाचा हात तोंडावर गेला. मला मात्र असं भरून आलं की काय सांगू. मागितलं तर माझ्या लेकीसारखं मागितलं! उतारावर भागवलं नाही, रानच मागितलं.

"दिलं," मी म्हटलं. "भाऊ तुझा मला काय बोलंल ते मी बघीन."

मग मी जावयाकडं वळले. काळू कोपऱ्यात कान पाडून बसला होता, आता आपल्यावर येणार म्हणून. मी त्याला पुरणाचा एक धोंडा टाकला आणि अंगणाबाहेर घातला.

"पाव्हणं, आज मधी कुत्रं न्हाई आन् म्हस न्हाई. तोंडावर सांगते. तुमाला सासुरवाडीत वागायचं कळत न्हाई. पाटावर वेळंला बसत न्हाई. मागायची पाळी आली तर सवताला मागत न्हाई. लोकांनी शिव्या घातल्या तर हसता. बायकोला पुढं करता आन् आपण मागनं पाणी वाहता. असला जावई मी उभ्या तालुक्यात बघितला न्हाई. आन् आता दुसरा कुणी सोन्यानं मढवून दिला तरी मला नगं. चला, खावा. ऱ्हायलेली मिशी पुरणात बुडवू नगा."